१५ मीटरचा टॉवर: परवानगीच्या अर्जापासून पहिल्या सिग्नलपर्यंत, आणि त्यानंतर

हौशी रेडिओचा परवाना आणि कॉलसाइन (आपल्या स्टेशनचं ओळखनाव) मिळाल्यावर बहुतेक जण तारेच्या डायपोलने सुरुवात करतात आणि ते योग्यच आहे. ७ मेगाहर्ट्झसाठी सुमारे २० मीटर तार, मध्ये बालन (केबल आणि तार यांना जुळवणारा छोटा ट्रान्सफॉर्मर), दोन्ही टोकांना इन्सुलेटर, एवढ्यावर खूप दूरपर्यंत बोलता येतं. अडतं ते उंचीवर. आडव्या अँटेनाचा मुख्य झोत जमिनीपासून किती अंशांवर निघतो, हे ती तरंगलांबीच्या मानाने किती उंच आहे यावर ठरतं. अर्ध्या तरंगलांबीच्या उंचीवर हा कोन सुमारे ३० अंश असतो, पूर्ण तरंगलांबीवर सुमारे १४ अंश. दुसऱ्या खंडातल्या स्टेशनांसाठी कमी कोन हवा. आम्ही १५ मीटर उंची ठरवली, कारण तिथे १४ मेगाहर्ट्झला कोन साधारण २० अंश मिळतो आणि २८ मेगाहर्ट्झला १०. टॉवर तीन पायांचा, जाळीदार, तणाव्यांवर, म्हणजे बाजूंनी ताणून बांधलेल्या तारांवर, उभा राहणारा. वर १४, २१ आणि २८ मेगाहर्ट्झची तीन एलिमेंटची यागी (बूम नावाच्या आडव्या दांड्यावर समांतर नळ्या, म्हणजे एलिमेंट, लावलेली, एका दिशेला झोत टाकणारी अँटेना) आणि ती फिरवायला रोटर. हे काम पहिल्यांदा अंगावर घेणाऱ्याला ते फार मोठं वाटतं, म्हणून सगळं ज्या क्रमाने झालं त्याच क्रमाने लिहितो.

सुरुवात कागदांपासून करावी, आणि टॉवर विकत घेण्याआधी करावी. नियम प्रत्येक देशात वेगळे असतात, पण परवानगी देणाऱ्या कार्यालयाचे प्रश्न सगळीकडे साधारण सारखेच असतात. अँटेनाच्या टोकापर्यंतची एकूण उंची किती? टॉवर आडवा झाला तर तो आपल्याच हद्दीत पडेल का? तो किती वेगाच्या वाऱ्यासाठी बनवला आहे आणि तसं लेखी कोणी दिलं आहे? जवळून विजेच्या तारा जातात का? विमानतळ किती दूर आहे? या प्रश्नांची उत्तरं पाच कागदांत बसतात: मापात काढलेला जागेचा नकाशा (त्यात तिन्ही अँकरच्या, म्हणजे तणावे जमिनीत धरून ठेवणाऱ्या आधारांच्या, जागा दाखवलेल्या हव्यात), कारखान्याचं टॉवरचं रेखाचित्र, स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही असलेला भाराचा हिशोब, रेडिओ परवान्याची प्रत आणि जागामालकाची संमती. विमानतळ जवळ असेल तर बऱ्याच ठिकाणी वेगळं ना-हरकत पत्र लागतं आणि ते यायला सगळ्यांत जास्त वेळ जातो, म्हणून तो अर्ज पहिल्याच दिवशी द्यावा.

अर्जात एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी. उंचीचा आकडा सगळ्या कागदांवर एकच हवा. नकाशावर नुसता टॉवर १५ मीटर आणि हिशोबात मास्टसकट (टोकातून वर जाणाऱ्या पाइपसकट) १७ मीटर असं झालं की फाइल परत येते आणि रांग पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. तोंडी विचारलेल्या शंकेचंही उत्तर लेखी द्यावं आणि पोच घ्यावी. परवानगीला आठवडे जातात, कधी महिनेही. तो वेळ वाया जात नाही, कारण जागेवर पाहण्यासारखं बरंच असतं. शेजाऱ्यांशी आत्ताच बोलून घ्यावं. त्यांना टॉवर पडण्याची भीती असते तशी टीव्हीत व्यत्यय येण्याची आणि रेडिओलहरींचीही असते. वाऱ्याचा हिशोब आणि किती अंतरावर लहरींची तीव्रता मर्यादेच्या आत येते याचं गणित, दोन्ही कागदावर तयार असेल तर बोलणं सोपं जातं. आपल्या विम्यात टॉवर धरला आहे का, हेही याच काळात विचारावं.

विजेच्या तारांबाबत तडजोड नाही. तारेपासूनचं अंतर टॉवर आणि अँटेना मिळून होणाऱ्या एकूण उंचीपेक्षा किमान ३ मीटर जास्त हवं. टॉवर कोणत्याही दिशेला पडला, किंवा चढवताना अँटेना हातातून सुटली, तरी ती तारेला लागता कामा नये. जागा या कसोटीला उतरत नसेल तर उंची कमी करावी.

आता वारा. टॉवरचं वजन फारसा प्रश्न नसतो, त्याला आडवं ढकलणारा वारा हाच खरा भार. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ७२ किलोमीटरला सपाट पृष्ठभागावर दर चौरस मीटरला सुमारे २५ किलो, तर ताशी १४४ किलोमीटरला सुमारे १०० किलो. वेग दुप्पट, दाब चौपट. तीन बँडच्या, म्हणजे तीन फ्रीक्वेन्सी-पट्ट्यांच्या, लहान यागीचं वाऱ्याला सामोरं येणारं क्षेत्रफळ साधारण अर्धा चौरस मीटर असतं, म्हणजे वादळात टॉवरच्या टोकाला ५० किलोंहून जास्त आडवा रेटा. तो १५ मीटर उंचीवर लागतो आणि त्याशिवाय टॉवरचा स्वतःचा जाळीदार अंग वारा झेलत असतो. कॅटलॉगमध्ये 'इतक्या चौरस मीटरची अँटेना चालेल' असं लिहिलेलं असतं, ते कोणत्या वाऱ्याला हे त्याच ओळीत शोधावं. वेग लिहिलेला नसेल तर त्या आकड्याला काही अर्थ नाही.

टॉवरच्या टोकातून वर जाणारा मास्टचा पाइप हाही याच हिशोबाचा भाग, आणि पुष्कळ जण इथे चुकतात. अँटेना टॉवरच्या टोकापासून १ मीटर वर असेल तर मास्टला जेवढा वाकवणारा जोर लागतो, त्याच्या दुप्पट २ मीटरवर लागतो. पाण्याचा नळ मास्ट म्हणून वापरू नये. तो आतून दाब झेलायला बनवलेला असतो आणि त्याच्या वाकण्याच्या ताकदीची हमी कोणी देत नाही. ताकद लिहून दिलेली जाड भिंतीची पोलादी नळी घ्यावी आणि अँटेना टॉवरच्या टोकाच्या जितकी जवळ बसेल तितकी बसवावी.

तणावे, म्हणजे गाय वायर, दोन पातळ्यांवर लावले: एक ७.५ मीटरवर, दुसरी १४ मीटरवर. प्रत्येक पातळीला तीन तारा, एकमेकींपासून १२० अंशांवर. अँकर टॉवरपासून उंचीच्या ६० ते ८० टक्के अंतरावर असावेत. आम्ही ८० टक्के धरले, म्हणजे १२ मीटर. अँकर जवळ आणले की तारांचा खाली दाबणारा जोर वाढतो आणि वाऱ्याला आडवं धरून ठेवण्याचा कमी होतो. या मापांनी वरची प्रत्येक तार १८.४ मीटर, खालची १४.२ मीटर, मिळून सुमारे ९८ मीटर. टोकांच्या गुंडाळ्या आणि तुकडे धरून ११० मीटर मागवावी.

तार ५ मिलिमीटरच्या आसपासची, ईएचएस प्रतीची (जास्त ताकदीच्या पोलादाची), जस्ताचा मुलामा दिलेली. तिची तुटण्याची क्षमता सुमारे १८०० किलो. सुरुवातीचा ताण त्याच्या १० टक्के, म्हणजे दर तारेला १८० किलो. याचा परिणाम पायावर काय होतो ते पाहा. सहा तारांच्या ताणाचा खाली दाबणारा भाग मोजला तर तो ७०० किलोंच्या जवळ जातो. टॉवरचे पाच भाग मिळून स्वतः जेमतेम ९० ते १०० किलो असतात. म्हणजे वारा पूर्ण शांत असतानाही पाया टॉवरच्या वजनाच्या कित्येक पट ओझं वाहतो. तार 'जरा जास्तच घट्ट' करणं म्हणूनच सुरक्षित नसतं.

लांब अखंड तारा अँटेनाच्या झोतात ढवळाढवळ करतात, म्हणून त्यांचे इन्सुलेटर घालून तुकडे करतात. तुकड्याची लांबी अर्ध्या तरंगलांबीच्या जवळ नको: १४ मेगाहर्ट्झला सुमारे १० मीटर, २१ ला ७, २८ ला ५, आणि त्यांच्या पटीही टाळाव्यात. इन्सुलेटर अंड्याच्या आकाराचा चिनीमातीचा घ्यावा. त्यात दोन्ही तारांचे फास एकमेकांत अडकलेले असतात, त्यामुळे तो फुटला तरी तार सुटत नाही.

परवानगी हातात आली की खोदकाम. आमच्या टॉवरच्या रेखाचित्रात पाया १ मीटर लांब, १ मीटर रुंद आणि १.२ मीटर खोल होता. तुमच्या टॉवरचा आणि तुमच्या मातीचा आकडा वेगळा येईल, तो कारखान्याच्या कागदावरून किंवा इंजिनिअरकडूनच घ्यावा. खड्ड्याच्या बाजू सरळ आणि न हललेल्या मातीच्या असाव्यात, कारण काँक्रीट त्या मातीला टेकूनच जोर घेतं. खड्डा मोठा खणून नंतर भराव टाकला तर तो जोर मिळत नाही. सळयांचा पिंजरा मातीपासून सगळीकडे ७५ मिलिमीटर आत राहिला पाहिजे. तळाला खडीचा थर देऊन टॉवरच्या तिन्ही पायांची तोंडं त्या खडीत उघडी ठेवावीत. पाय पोकळ असतात, त्यांत पाणी शिरतंच, आणि ते खालून निघून गेलं नाही तर पाय आतून गंजतात. थंड हवेत तेच पाणी गोठून पाय फाटतो. काँक्रीट ओतताना ही तोंडं बंद होत नाहीत ना, याकडे एका माणसाने फक्त तेवढंच लक्ष द्यावं.

१.२ घनमीटर काँक्रीट म्हणजे जवळजवळ ३ टन. ते एकाच वेळी ओतायचं. अर्धं आज, अर्धं उद्या केलं तर मध्ये सांधा राहतो आणि पाया तिथेच तडकतो. ओतताना पहिला भाग ओळंब्यात आहे का, हे एकमेकांशी काटकोनात असलेल्या दोन बाजूंनी लेव्हल लावून पुन्हा पुन्हा पाहावं. काँक्रीट भरताना तो हलतोच, आणि एकदा घट्ट झाल्यावर वरचे चारही भाग त्याच्याच रेषेत जातात. तिन्ही अँकरचे खड्डेही त्याच दिवशी भरून घेतले.

मग २८ दिवस थांबायचं. सात दिवसांत काँक्रीटला साधारण दोन तृतीयांश ताकद येते आणि ते पुरेसं घट्ट दिसतं, पण हिशोबात धरलेली ताकद २८ दिवसांची असते. या काळात त्यावर पाणी मारत राहावं आणि जमिनीवरची कामं उरकावीत.

यागी जोडताना ॲल्युमिनियमच्या नळ्या एकमेकींत सरकवण्याआधी प्रत्येक सांध्याला गंजरोधक पेस्ट लावावी. ती वीज वाहू देते आणि हवा आत जाऊ देत नाही. स्टेनलेसच्या बोल्टला आटे जाम होऊ न देणारं अँटी-सीझ लावावं, नाहीतर नट अर्ध्यावर घट्ट धरतो आणि शेवटी कापावाच लागतो. एलिमेंटची मापं बूमपासून दोन्ही बाजूंना वेगवेगळी मोजावीत. जोडून झाल्यावर बूम उभा धरून, रिफ्लेक्टर (मागचं एलिमेंट) जमिनीकडे आणि डायरेक्टर (पुढचं) आकाशाकडे ठेवून, व्हीएनए या मोजयंत्राने एसडब्ल्यूआर पाहावा. अँटेनाकडून किती शक्ती परत येते याचं हे माप, १ म्हणजे काहीच परत येत नाही. जमीन जवळ असल्याने रेझोनन्स (अँटेना सर्वांत चांगली जुळते ती जागा) थोडा खालच्या फ्रीक्वेन्सीला दिसतो, त्यामुळे तिथेच एलिमेंट कापायला जाऊ नये. इथे पाहायचं ते इतकंच, की तिन्ही बँडवर एसडब्ल्यूआरच्या आलेखात खड्डा दिसतो का. एखाद्या बँडवर दिसत नसेल तर ट्रॅप (एकच एलिमेंट अनेक बँडवर चालवणारा त्यावरचा भाग) उलटा बसला आहे किंवा जोड सैल आहे, आणि ते जमिनीवर दुरुस्त करायला थोडी मिनिटं पुरतात.

खर्चाबद्दल एवढं सांगता येईल, की टॉवर, अँटेना आणि रोटर यांच्या किमती जोडून अंदाजपत्रक केलं तर ते कमी पडतं. पाया, तणावे, टर्नबकल (तारेचा ताण कमी-जास्त करणारा आट्यांचा जोड), कोॲक्स (मध्ये तार आणि भोवती जाळी असलेली अँटेनाची केबल), अर्थिंगचं तांबं, हार्नेस आणि इंजिनिअरची फी यांचा आकडा टॉवरच्या पोलादाच्या किमतीला सहज गाठतो. कमी करायचं असेल तर अँटेनात करावं. ती पुढे बदलता येते, पाया बदलता येत नाही.

टॉवर उभारायचा दिवस वारा नसलेला निवडावा आणि पहाटे सुरुवात करावी. वर एक किंवा दोन माणसं, खाली तीन-चार. आज्ञा एकाच आवाजाच्या: वर, थांब, ढील. चढणाऱ्याच्या अंगावर पूर्ण शरीराचा हार्नेस आणि दोन दोऱ्या हव्यात, म्हणजे एक सोडताना दुसरी कायम अडकलेली राहते. नुसता कमरेचा पट्टा चालत नाही. पडून हार्नेसमध्ये लटकलेला माणूस काही मिनिटांतच बेशुद्ध होऊ शकतो, म्हणून त्याला खाली कोण आणि कसं आणणार हे चढण्याआधीच ठरलेलं असावं. ते करू शकणारा दुसरा माणूस हार्नेस घालून जागेवर हवा. खालच्या प्रत्येकाच्या डोक्यावर हेल्मेट, आणि टॉवरच्या पायाशी विनाकारण कोणी थांबायचं नाही. १५ मीटरवरून सुटलेला पाना खाली येताना ताशी ६० किलोमीटरचा वेग गाठतो.

प्रत्येक भाग ३ मीटरचा, १८ ते २० किलोंचा. तो वर नेण्यासाठी जिन पोल वापरतात. ही एक नळी, टोकाला कप्पी, आणि ती टॉवरच्या उभ्या असलेल्या वरच्या भागाला क्लॅम्पने बसते. दोर खालची माणसं ओढतात. वरचा माणूस फक्त भाग पायांवर बसवतो आणि बोल्ट घालतो, तो भार कधीच ओढत नाही. तणाव्यांशिवाय दोनपेक्षा जास्त भागांवर चढायचं नाही, म्हणून मध्ये मजबूत दोराचे तात्पुरते तणावे लावत जावं लागतं आणि त्याला वेळ लागतो. घाई या जागी करू नये.

तारांची टोकं बांधायला आम्ही गुंडाळून बसणाऱ्या ग्रिप वापरल्या, त्या महाग पण भरवशाच्या. क्लिप वापरणार असाल तर तारेच्या प्रत्येक टोकाच्या फासाला किमान तीन, आणि क्लिपचा जाड खाचेचा भाग भार घेणाऱ्या तारेवर, यू-बोल्ट मोकळ्या टोकावर. उलट लावल्यास यू-बोल्ट भाराच्या तारेलाच चिरडतो. फासात थिंबल (तार दुमडू नये म्हणून आत बसवायची धातूची गोल खाच) हवंच. टर्नबकल सुरुवातीला अर्धे उघडे ठेवावेत, म्हणजे पुढे दोन्ही बाजूंना फिरवायला जागा राहते. ताण मोजायला गेज वापरावा, हाताने अंदाज येत नाही. तिन्ही बाजू थोड्या-थोड्या घट्ट करत १८० किलोंपर्यंत जावं आणि मध्येमध्ये ओळंबा पाहावा. टॉवर उंचीच्या ४०० व्या भागापेक्षा जास्त कललेला नसावा, म्हणजे १५ मीटरला पावणेचार सेंटिमीटर. ताण जमला की सगळ्या टर्नबकलमधून आठच्या आकारात सुरक्षा-तार ओवावी. वाऱ्यात तारा थरथरत राहतात आणि त्या थरथरीने टर्नबकल आपोआप उघडत जातो.

अँटेना वर नेताना तणावे आडवे येतात. त्यासाठी टॉवरच्या टोकापासून दूर जमिनीपर्यंत एक तिरकी तार बांधली आणि अँटेना तिला अडकवून तणाव्यांच्या वरून सरकवत नेली, खालून दोन दोऱ्यांनी तोल सांभाळत. रोटर टॉवरच्या आत खाली बसतो आणि वर थ्रस्ट बेअरिंग मास्टला धरून ठेवतं. दिशा लावताना होकायंत्राचं उत्तर आणि खरं उत्तर यांत फरक असतो. स्थानिक मध्यान्हाला, सूर्य नेमका सर्वांत वर असताना, ओळंब्याच्या दोरीची सावली खऱ्या उत्तर-दक्षिण रेषेत पडते. तिच्यावरून रोटर लावला. रोटरभोवती कोॲक्सचा मोठा सैल वळसा ठेवावा, पूर्ण फेरीत तो ताणला जाता कामा नये.

वाऱ्यानंतरचा दुसरा शत्रू पाणी, आणि ते कनेक्टरमधून शिरतं. पीएल-२५९ कनेक्टर जलरोधक नसतो. सोल्डरिंग करून मल्टीमीटरने मधली तार आणि जाळी यांत शॉर्ट नाही हे पाहावं. मग आधी साध्या विनाइल टेपचा एक थर, त्यावर स्वतःला चिकटणारी रबरी टेप ताणून, आणि शेवटी पुन्हा विनाइल टेप. बाहेरची टेप खालून वर गुंडाळावी, म्हणजे पाणी वरच्या वेढ्यावरून खालच्या वेढ्यावर ओघळतं आणि फटीत शिरत नाही. पहिला विनाइलचा थर असला की पुढे कनेक्टर उघडताना रबर खरवडत बसावं लागत नाही. केबल घरात शिरण्याआधी तिला खाली झोळ द्यावा.

केबलची निवड बँडवर अवलंबून. ३० मीटर आरजी-२१३ कोॲक्समध्ये १४ मेगाहर्ट्झला एक डेसिबलच्याही आत तोटा होतो, पण १४४ मेगाहर्ट्झला तीच केबल जवळजवळ निम्मी शक्ती गिळते. त्यामुळे व्हीएचएफच्या (१४४ मेगाहर्ट्झसारख्या वरच्या बँडच्या) अँटेनाला कमी तोट्याची वेगळी केबल घेतली.

टॉवरवर पडणारी वीज जमिनीत उतरवणाऱ्या अर्थिंगसाठी प्रत्येक पायाला २.४ मीटरचा रॉड, आणि दोन रॉडमधलं अंतर लांबीच्या किमान दुप्पट. तांब्याची पट्टी जस्ताच्या मुलाम्यावर थेट लावू नये, ओलाव्यात जस्त झिजतं. मध्ये स्टेनलेसचा पत्रा घालावा. पट्टीला काटकोनात वळवू नये, मोठ्या गोलाईने न्यावी, कारण पडलेली वीज तीव्र वळण सोडून बाजूच्या वस्तूवर उडी घेते. कोॲक्सची जाळी टॉवरच्या वर आणि खाली अशी दोन्हीकडे टॉवरला जोडावी, घराच्या भिंतीपाशी सर्ज अरेस्टर (केबलमधून येणारा विजेचा झटका जमिनीकडे वळवणारे भाग) एका पाटीवर एकत्र आणावेत, आणि हे सगळं अर्थिंग घराच्या विजेच्या अर्थिंगला जोडलेलं असावं. दोन अर्थ वेगळे राहिले तर वीज पडते त्या वेळी त्यांच्यात हजारो व्होल्टचा फरक पडतो आणि तो रेडिओतून वाट काढतो.

सगळं जोडल्यावर आधी प्रत्येक बँडचा एसडब्ल्यूआरचा आलेख काढून तारखेसह जपून ठेवावा. १.५ ला ४ टक्के शक्ती परत येते, २ ला ११ टक्के, त्यामुळे १.३ चा १.१ करण्यात वेळ घालवू नये. मग १४.१०० मेगाहर्ट्झवरची आंतरराष्ट्रीय बीकन साखळी, म्हणजे ठरलेले सिग्नल आपोआप पाठवणारी स्टेशनं, ऐकली. जगभरातली १८ स्टेशनं ठरलेल्या क्रमाने ३ मिनिटांत एक फेरी पूर्ण करतात. प्रत्येक जण कॉलसाइन पाठवून १०० वॉटवरून १०, १ आणि ०.१ वॉटवर उतरतो. अँटेना त्या दिशेला आणि मग पाठ करून ऐकलं की पुढचा-मागचा फरक डेसिबलमध्ये समोर येतो आणि रोटरची दिशा बरोबर आहे का तेही कळतं.

पहिली तपासणी महिन्याभरात करावी, कारण नव्या तारा थोड्या ताणल्या जातात आणि अँकर बसतात. त्यानंतर वर्षातून दोनदा, वादळी मोसमाच्या आधी आणि नंतर, शिवाय प्रत्येक मोठ्या वादळानंतर. ताण वारा नसताना आणि शक्यतो सारख्याच तापमानाला मोजावा. थंडीत तार आखडते आणि आकडा वाढलेला दिसतो. बोल्ट, वेल्डिंगच्या जागा, टेप, रोटरचे क्लॅम्प, अर्थिंगचे जोड, सगळं हात लावून पाहावं. मुलामा खरवडला असेल तिथे जस्ताचा रंग लावावा.

एसडब्ल्यूआरचा जुना आलेख इथे कामी येतो. आकडा वाढला तर सगळे लगेच वर पाहतात. तो काहीही न करता सुधारला आणि पूर्ण बँडभर सपाट झाला तर मात्र कोणी लक्ष देत नाही, आणि बहुधा तेव्हाच कोॲक्समध्ये पाणी गेलेलं असतं. ओली केबल जाताना आणि परतताना दोन्हीकडे शक्ती खाते, म्हणून परत येणारा भाग कमी दिसतो. अशी केबल वाळवून उपयोग नाही, बदलावी.

दिसत नाही म्हणून राहून जाणारी जागा म्हणजे अँकरचा दांडा, जिथे तो काँक्रीटमधून निघून मातीतून वर येतो. तांब्याच्या अर्थिंगला जोडलेलं पोलाद ओल्या मातीत हळूहळू खाल्लं जातं, आणि वरचा चमकदार भाग पाहून आतलं काहीच कळत नाही. काही वर्षांनी एकेका अँकरभोवतीची माती ३०-४० सेंटिमीटर बाजूला करून दांड्याची जाडी कॅलिपरने मोजावी. त्या तारेचा ताण उतरवायचा असेल तर आधी शेजारी दुसरा भक्कम आधार घेऊन तात्पुरता तणावा बांधावा, तो ताणलेला आहे याची खात्री करावी आणि मगच टर्नबकलला हात लावावा. त्या वेळी टॉवरवर कोणीही असता कामा नये.